जांभा दगड की माती? लॅटेराइटचे वेगवेगळे अर्थ

माती परीक्षणाच्या अहवालात ‘लॅटेराइट जमीन’ लिहून आलंय, चिरेखाणवाला त्यालाच जांभा दगड म्हणतो आणि भूशास्त्र शिकणारा भाचा तिसरंच काही सांगतो. खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंत. दादा, तिघांचंही खरं आहे.

नाव मुळात बांधकामातून आलं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडाला ते दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत असताना हत्याराने कापता येतो, उघड्यावर वाळला की टणक होतो, हा त्याचा गुण त्याने टिपला. आपला गवंडी आजही चिरा याच गुणावर पारखतो.

भूशास्त्रज्ञाला मात्र तो तयार कसा झाला ते हवं असतं. उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्ट या काळ्या खडकातली सिलिका, चुना, पोटॅश लाखो वर्षं धुपून जातात. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. लोहामुळे तांबडा रंग. ॲल्युमिनियम भरपूर असेल तर खाणकंपनी त्याच सड्याला, म्हणजे जांभ्याच्या पठाराला, बॉक्साइट म्हणते.

तुमच्या कामाचा अर्थ मृदाशास्त्राचा. अशी जमीन आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं. घातलेलं खत झाडाला पुरेसं मिळत नाही ते यामुळे. निचरा उत्तम, म्हणून हापूस आणि काजू मानवतात. अमेरिकी मृदा-वर्गीकरणात तर लॅटेराइट हा शब्दच नाही. वारंवार ओला-सुका होऊन कायमचा घट्ट होणाऱ्या थराला तिथे प्लिंथाइट म्हणतात.

विहीर खणणाऱ्याच्या लेखी जांभा म्हणजे सच्छिद्र थर. पाऊस त्यातून मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि उताराच्या पायथ्याशी झरा होऊन निघतो.

आणि सातबाऱ्यावर? तिथे हाच कातळ ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. हे मला फार लागतं. श्रावणात त्याच सड्यावर सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात, त्याच कातळावर पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खराबा कसला!

तुम्हाला कलमं लावायची आहेत, तेव्हा अहवालातल्या त्या नावावर अडू नका. सामू (पीएच) आणि स्फुरदाचे आकडे बघा, जागेत दोन-तीन ठिकाणी खड्डे मारून कातळ किती खोल लागतो ते पाहा. हातभरावर लागला तर कातळ फोडून बाहेरची माती भरावी लागेल. तो खर्च आधी धरा.