किरणोत्सारी आयोडीन पकडायला चांदीच का?

प्रश्न : माझे वडील जळगावच्या सराफ बाजारात चांदी गाळायचं काम करतात, मी बीएस्सीला आहे. आमचे सर म्हणाले की अणुइंधनाच्या कारखान्यात धुरातलं किरणोत्सारी आयोडीन पकडायला चांदी वापरतात. एवढी महाग वस्तू कशाला? पाण्याच्या फिल्टरमधे असतो तसा कोळसा नाही का चालणार?

उत्तर : भाऊ, अर्धं उत्तर तुझ्या वडिलांच्या कामातच आहे बघ. चांदी नायट्रिक आम्लात टाकली की तपकिरी धूर निघतो ना, तसलाच धूर तिथेही असतो, कारण वापरलेलं इंधन कापून गरम नायट्रिकमधेच विरघळवतात, युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवायला. आपल्याकडे तारापूर, कल्पक्कमला हे काम चालतं. इंधनातलं आयोडीन मुळातच उडणारं, ते त्या धुराबरोबर वर येतं.

कोळसा अणुभट्टीच्या हवेसाठी वापरतात, तिथे तो चांगला चालतो. पण या तपकिरी वायूत त्याची पकड जाते आणि तो पेटायचीही भीती असते. म्हणून आधी धूर धुऊन घेतात आणि मग चांदी बसवलेल्या झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज) किंवा सिलिकाच्या दाण्यांमधून सोडतात, साधारण १५० अंशाला, म्हणजे वाफेचं पाणी होऊन दाणे ओले होत नाहीत. चांदी आणि आयोडीनची जोडी एकदा जमली की सिल्व्हर आयोडाइड होतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. महाग पडतं खरं, पण मला तरी हा खर्च रास्त वाटतो, कारण हे आयोडीन-१२९ आहे, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १ कोटी ५७ लाख वर्षं! आयोडीन-१३१ चं फक्त ८ दिवस, इंधन काही वर्षं पाण्यात थंड होतं तोवर ते संपलेलं असतं.

आणि आयोडीन आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ओढून घेते, गवतातून गाईत, गाईतून दुधात, दुधातून लेकरात. १९५७ ला इंग्लंडमधे विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा आसपासच्या साधारण ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं होतं, ते आयोडीन-१३१ मुळेच.

आता एक विनंती, प्रश्नाबाहेरची आहे पण राहवत नाही. वडिलांच्या भट्टीवर एग्झॉस्ट आहे का ते आजच बघ. त्या तपकिरी धुरात किरणोत्सार नसतो, तरी तो फुप्फुसाला फार वाईट, आणि त्रास कधी कधी बऱ्याच तासांनी सुरू होतो. श्वास लागला तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना नायट्रिकच्या धुराचं आधी सांगा.