नोटर डेमचं पदवीदान: आई-बाबांना आणायचं असेल तर

तुम्ही ऑगस्टमध्ये इंडियानातल्या नोटर डेमला इंजिनिअरिंगच्या एमएससाठी निघताय. पदवीदानाला आई-बाबांना कसं आणावं, आणि कॅथलिक विद्यापीठ असल्यामुळे प्रार्थनेला बसणं सक्तीचं असतं का, असं विचारलंत. सक्ती नाही. बाकीचं जरा सविस्तर.

आधी हे डोक्यात पक्कं करा की समारंभ वेगळा आणि पदवी वेगळी. समारंभ वर्षातून एकदाच, मेच्या मध्याला. डिसेंबरात अभ्यासक्रम संपला तर तुमचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) तेव्हाच संपतो. समारंभ मेमध्ये आहे म्हणून तो लांबत नाही. ओपीटीचा (शिक्षणानंतर अमेरिकेत ठराविक काळ काम करायच्या परवानगीचा) अर्ज आय-२०वरच्या शेवटच्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, आणि डीएसओने (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याने) शिफारस नोंदवली की ३० दिवसांत तो दाखल व्हावा लागतो. समारंभाची तारीख धरून हिशेब करणारे इथेच फसतात. ओपीटी मंजूर होण्याआधी आई-बाबांबरोबर भारतात जाऊन यायचा बेतही नको. परत येताना विमानतळावर अडचण होऊ शकते.

आई-बाबांना बी१/बी२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा लागेल. विद्यापीठाचं निमंत्रणपत्र जोडायला हरकत नाही, पण व्हिसा त्यावर मिळत नाही. नोकरी, पेन्शन, घरदार, म्हणजे परत येण्याची कारणं अधिकारी पाहतात. मुंबईत मुलाखतीची तारीख कित्येकदा काही महिने पुढची मिळते, म्हणून अर्ज आदल्या वर्षीच करून टाका. भारतीयांना हा व्हिसा सहसा १० वर्षांचा मिळतो, त्यामुळे लवकर काढून काही वाया जात नाही.

खरी मारामारी खोल्यांची. विद्यापीठाला लागून असलेलं साउथ बेंड लहान शहर आहे. त्या शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर चढतात आणि बरेच जण किमान दोन-तीन रात्रींचं बुकिंग मागतात. तारीख जाहीर झाली की रद्द करता येईल असं बुकिंग करून ठेवा. शेजारच्या मिशावाकात नाही मिळालं तर एल्खार्ट किंवा मिशिगन राज्यातलं नाइल्स पाहा. शिकागोहून रस्त्याने साधारण १५० किलोमीटर. पण साउथ बेंडचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं! सकाळच्या कार्यक्रमासाठी शिकागोहून निघणारे याच तासापायी उशिरा पोहोचतात. शिकागो शहरातून साउथ शोअर लाइनची रेल्वे आहे, पण ती ओ'हेअर विमानतळावरून सुटत नाही. वयस्कर माणसं आणि बॅगा असतील तर गाडीच बरी.

एमएस-पीएचडीवाल्यांसाठी ग्रॅज्युएट स्कूलचा वेगळा समारंभ असतो; घरच्यांनी तो चुकवू नये. सगळ्या विद्यापीठाचा मोठा सोहळा स्टेडियममध्ये, उघड्यावर होतो. तिथे पारदर्शक पिशवीच चालते, छत्री चालत नाही. मेमध्ये सकाळी गारठा असू शकतो, म्हणून आई-बाबांना स्वेटर आणि पातळ रेनकोट द्या. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघेदुखी असेल तर व्यवस्थेची विनंती आधीच नोंदवा.

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली प्रार्थना, वेगळी असते आणि ऐच्छिक. वसईकडचं कुणी ओळखीचं असेल तर रीत त्यांच्याकडून समजून घ्या. कॅथलिक नसाल तर कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊ नका. जागेवर बसून राहिलं तरी चालतं, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले की फादर आशीर्वाद देतात. एकदा जाऊन पाहावं असं आमचं मत. विद्यापीठ १८४२ साली होली क्रॉसच्या फादर सोरिन यांनी स्थापन केलं, आणि तिथला सोहळा या भागाशिवाय अर्धाच दिसतो.

गाऊन पॉलिस्टरचा, त्यामुळे गरम इस्त्रीने वितळतो. वाफेने किंवा मधे सुती कापड ठेवून सुरकुत्या काढा. एमएसचा हूड (गाऊनवर खांद्यांवरून पाठीवर सोडायचं रंगीत कापड) मागे जड असतो आणि पुढचा पट्टा गळ्याला काचतो. त्याला पुढे एक लूप असतो, तो शर्टच्या बटणात अडकवायचा. साडी किंवा कुर्ता असेल तर बटण नसतं, म्हणून दोन सेफ्टी पिना जवळ ठेवा. हूडचं अस्तर, म्हणजे विद्यापीठाचे निळा आणि सोनेरी रंग, मागून दिसायला हवं. ते उलटायला दुसऱ्याचेच हात लागतात, तेव्हा रांगेत उभं राहण्याआधीच आईकडून किंवा मित्राकडून करून घ्या.

सोनेरी घुमटाच्या मेन बिल्डिंगसमोरच्या पायऱ्या विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत चढत नाहीत, अशी जुनी प्रथा आहे, त्यामुळे समारंभानंतर फोटोंसाठी तिथेच झुंबड उडते. जेवणाचं टेबल त्याच वेळेचं बुक करू नका. निदान दीड तासाचं अंतर ठेवा.