वाचक विचारतात: डिजिटल पत्त्यांत नशिबाचा वाटा किती?

प्रश्न: हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात डाव हातात असतो आणि एखादं रँडम पान येऊन सगळ्यावर पाणी फिरवतं. मग याला बुद्धीचा खेळ का म्हणायचं?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: नशीब तुमच्या निर्णयाच्या आधी येतं की नंतर, हे आधी बघा. हातात कोणती पानं पडली, हे आधीचं नशीब. ते बघून तुम्ही डाव आखता. ‘डिस्कव्हर’ची पानं याच जातीची. खेळ तीन पानं समोर ठेवतो, त्यातलं एक तुम्ही उचलता. तीन कोणती येणार हे नशीब, पण उचलायचं कोणतं यात खेळाडूचा कस लागतो.

योग-सॅरॉन हे पान याच्या बरोब्बर उलट, म्हणजे निर्णयानंतरचं नशीब. त्या डावात तुम्ही जितके मंत्र वापरले असतील, तितके मंत्र तो आपणहून टाकतो. कोणते आणि कोणावर, याला धरबंध नाही. पान टाकल्यावर तुम्ही फक्त बघत बसायचं. हे पान 2016 साली आलं आणि त्याच वर्षी त्याला लगाम घालावा लागला: मंत्र टाकता टाकता तो स्वतःच मेला, तर उरलेले मंत्र पडेनासे झाले. तो बदल योग्यच होता. खासबागेत जोड कुणाशी लागणार हे पैलवानाच्या हातात नसलं तरी चालतं. पण पाठ टेकली की नाही हे नाणं उडवून ठरवलं, तर ती कुस्ती उरत नाही.

तरीही नंतरचं नशीब बऱ्याच अंशी आवळता येतं. रॅग्नारोस हे पान चालीच्या शेवटी समोरच्या कोणत्याही एकाला 8 चा फटका मारतं. समोर तीन मिनियन (पटावर उतरवलेले लढवय्ये) आणि नायक (म्हणजे खुद्द प्रतिस्पर्धी) असे चौघे असतील, तर फटका नायकाला बसण्याची शक्यता 25 टक्के. आधी दोन मिनियन मारून घेतले तर 50 टक्के. तिन्ही मारले तर खात्रीच. म्हणजे इथे ठरलेले हल्ले आधी, रँडम नंतर. पण हातात नवं पान ओढून देणारं पत्तं असेल तर क्रम फिरवायचा: ते पहिल्यांदा खेळा, कारण काय हाती आलं यावर पुढची सगळी चाल बदलू शकते. नशिबाच्या खात्यावर टाकलेले कितीतरी पराभव या क्रमाच्या चुकीचे असतात.

प्रश्न: मॅजिक अरीना या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात 60 पानांच्या डेकमध्ये 24 लँड (बाकीची पानं खेळायला लागणारी ऊर्जा देणारी पानं) घातल्यात, तरी पहिल्या हातात एकच लँड येते. खेळ मुद्दाम असं करतो का?
— इचलकरंजी

उत्तर: नाही. या डेकमधून 7 पानांत सरासरी 2.8 लँड येतात, पण 0 किंवा 1 लँड येण्याची शक्यताही 14.3 टक्के आहे, म्हणजे साधारण दर सात हातांमागे एक. पाच किंवा जास्त येण्याची 8.3 टक्के. हे आकडे नीट पिसलेल्या कॅटचे आहेत. उलट एका डावाच्या सामन्यात अरीना तुम्हाला थोडी मदतच करतो: पडद्यामागे एकाहून जास्त हात काढतो आणि डेकमधल्या लँडच्या प्रमाणाशी जुळणाऱ्या हाताला झुकतं माप देतो. कंपनीने हे उघड सांगितलेलं आहे. तीन डावांच्या सामन्यात ही सवलत नाही, आणि पहिल्या हातानंतर ती कुठेच नाही.

एक लँडचा हात ‘येईल पुढची’ म्हणून धरून ठेवू नका. उरलेल्या 53 पानांत 23 लँड असतात. पुढच्या दोन्ही ओढींत लँड येण्याची शक्यता 18 टक्केच. हात परत करा. 2019 पासूनच्या नियमाने नवी 7 पानं बघायला मिळतात आणि त्यातलं एक डेकच्या तळाशी ठेवायचं असतं. बहुतेक वेळा हा सौदा परवडतो.

प्रश्न: आम्ही चौघं इंजिनिअरिंगचे विद्यार्थी 30 पानांचा खेळ बनवतोय. पत्ते पिसण्यासाठी प्रत्येक पान कोणत्याही रँडम जागेशी बदलतो. काही पानं जास्त वेळा वर येतात असं वाटतं. भास आहे का?
— कसबा बावडा

उत्तर: भास नाही. तीनच पानं घेऊन बघा. तुमच्या पद्धतीत प्रत्येक पायरीला 3 पर्याय, म्हणजे एकूण 27 वाटा. तीन पानांचे क्रम मात्र 6. आणि 27 ला 6 ने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे तीन क्रम 27 पैकी 5 वेळा येतात आणि तीन क्रम 4 वेळा. कितीही चांगला रँडम आकडा वापरा, हा कल जाणार नाही.

फिशर-येट्स पद्धत वापरा. शेवटच्या जागेपासून सुरुवात करा. 30 व्या जागेसाठी 1 ते 30 मधला आकडा काढा आणि त्या जागेवरच्या पानाशी अदलाबदल करा. मग 29 व्या जागेसाठी 1 ते 29, असं करत दुसऱ्या जागेपर्यंत या. इथे एक चूक फार होते: 30 व्या जागेसाठी 1 ते 29 मधलाच आकडा काढला जातो. मग कोणतंही पान आपल्या मूळ जागी कधीच राहत नाही आणि असंख्य क्रम कायमचे बाद होतात. पान स्वतःशीच बदललं गेलं तरी चालू द्या.

तपासणी सोपी आहे. तीन पानं 60,000 वेळा पिसून प्रत्येक क्रम मोजा. प्रत्येकी 10,000 च्या आसपास यायला हवेत. दोन-अडीचशेचा फरक चालतो. तुमच्या सध्याच्या पद्धतीत काही क्रम 8,900 च्या आणि काही 11,100 च्या आसपास दिसतील.

आता सीड, म्हणजे रँडम आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा. तो घड्याळावरून घेऊ नका. 1999 मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या पिसण्यात सीड मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतला जायचा. दिवसात मिलिसेकंद 8 कोटी 64 लाखच. 52 पत्त्यांचे क्रम मात्र 8 वर 67 शून्यं इतके. संशोधकांनी स्वतःची पानं आणि उघडी पानं जुळवून समोरच्याचा हात ओळखून दाखवला. तेव्हा सुरक्षित कामासाठी असलेला रँडम जनरेटर घ्या, पिसण्याचं काम सर्व्हरवर करा आणि समोरच्याच्या डेकचा क्रम मोबाइलवर पाठवूच नका. एकट्याने खेळायचा खेळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सीड जपून ठेवा: ‘स्ले द स्पायर’मध्ये तोच सीड दिला की तीच चढाई पुन्हा खेळता येते. बग शोधताना याच्यासारखी सोय नाही.

प्रश्न: रमी हा कौशल्याचा खेळ असं कोर्टाने म्हटलंय ना? मग मोबाइलवर पैसे लावायला हरकत काय?
— शाहूपुरी

उत्तर: 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं. कोणती पानं पडली हे लक्षात ठेवणं, काय धरायचं आणि काय टाकायचं हे ठरवणं, यात कौशल्य आहे, असं त्यामागचं कारण. पण 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवायला त्यात मनाई आहे. रमीचं डोकं शाबूत ठेवायचं तर बिनपैशाचा डाव पुरेसा आहे.

प्रश्न: नव्या डेकने 10 पैकी 6 डाव हरलो. बदलू का?
— गडहिंग्लज

उत्तर: इतक्यात नको. 55 टक्के डाव जिंकणारा चांगला डेकही 10 पैकी 6 किंवा जास्त डाव हरण्याची शक्यता 26 टक्के असते. 100 डावांनंतरही आकडा वर-खाली 10 टक्के हलू शकतो. तोवर निकालापेक्षा निर्णय लिहून ठेवा: पहिली चाल कोणाची होती, पहिल्या हातातलं काय परत केलं, आणि शेवटपर्यंत हातात पडून राहिलेलं पान कोणतं. तेच पान पुन्हा पुन्हा त्या शेवटच्या रकान्यात दिसलं, तर पूर्ण डेक नको, तेवढं पान बदला.