सडे आणि जंगल राखून डोंगरातल्या माणसाला काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-शाहूवाडीकडचे सडे (डोंगरमाथ्यावरची जांभ्या दगडाची सपाट पठारं) आणि जंगल नुसतं राखून तिथल्या माणसाचं काय भलं होणार; खाणी, रिसॉर्ट आले तर चार पोरांना काम तरी लागेल. माझं आजोळ राधानगरी तालुक्यात आहे. हा प्रश्न मी मामाच्या सोप्यातही ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजोळच्या गावावर जांभ्याचा सडा आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. एप्रिलमध्ये बघाल तर करपलेला काळा कातळ. पण जांभा आतून छिद्राछिद्रांचा असतो. पावसाळ्यातलं पाणी त्यात मुरतं, खाली चिकण मातीचा थर लागला की अडतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. लहानपणी मे महिन्यात त्या झऱ्याच्या पन्हळीखाली घागर लावली की शंभर आकडे मोजेपर्यंत भरायची. पुढं सड्याचा एक तुकडा कुणीतरी विकत घेतला, बांधकामासाठी चिरा (जांभ्याचा दगड) काढला, उरलेल्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला. गावातली सहा पोरं तिथं दोन हंगाम कामाला होती. आता शिमग्यालाच धार करंगळीएवढी होते. गेल्या मे महिन्यात मामी कुंडाशी बसून वाटी-वाटीनं घागर भरत होती. पाऊण तास लागला, मी शेजारीच उभा होतो.

गावाच्या खाली हेच पाणी ओढ्याला जातं, ओढा नदीला. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळकडं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. शिरोळचा ऊस उभा राहतो तो या पश्चिमेकडच्या पाण्यावर. राधानगरी आणि काळम्मावाडी ही दोन्ही धरणं दाजीपूरच्या जंगलाला लागून आहेत. 2023 च्या दिवाळीपासून काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं कोल्हापूर शहरात येतंय. म्हणजे शहरातला नळसुद्धा या जंगलालाच जोडलाय. उतारावर झाडं असली की माती जागेवर राहते आणि धरणात गाळ कमी येतो. हे जंगल संस्थानकाळी शिकारीसाठी राखलेलं होतं, 1958 मध्ये त्याचं अभयारण्य झालं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं.

जंगल राखलं की पूर येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 2019 आणि 2021 ला जेवढा पाऊस कोसळला, तेवढा कुठलंही जंगल पिऊ शकत नाही. पूररेषेत बांधलेली घरं, भराव टाकून उंच केलेले रस्ते हीही कारणं आहेतच. पण डोंगर खचण्याचं प्रकरण वेगळं. 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला, ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल. असल्या उतारावर रिसॉर्टसाठी पायथा तासायचा म्हणजे खालच्या वाडीच्या जिवाशी खेळ आहे.

बाकी लहान-मोठं पुष्कळ आहे. हिरडा, शिकेकाई, करवंदं, जनावरांची वैरण. भाद्रपदात सड्यावर गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात, त्यावर मधमाश्या पोसतात. आजरा-चंदगडच्या काजूला फळ धरायला कीटकच लागतात. दाजीपूरला गवे बघायला येणाऱ्यांना फिरवणारे गाडीवाले, वाटाडे आसपासच्या गावांतलेच आहेत.

तुमच्या प्रश्नातली एक बाजू मला पूर्ण मान्य आहे. जंगलाचा फायदा खालच्यांना आणि त्रास वरच्यांना, हे खरं आहे. मामाच्या नाचणीत एका रात्री पाच गवे शिरले; सकाळी कणसं नव्हती, नुसते खूर उमटलेले. पंचनामा झाला, पण पैसे यायला वर्ष गेलं आणि आले ते बियाण्याला पुरतील एवढेच. भरपाई महिन्याभरात मिळाली पाहिजे, रात्रपाळीच्या राखणीला मजुरी मिळाली पाहिजे, आणि हा पैसा आमच्यासारख्या शहरातल्यांच्या पाणीपट्टीतून गेला तरी मला चालेल. वर्षाला शे-दोनशे रुपये जास्त भरायची माझी तयारी आहे.

गावानं स्वतः करायचं एकच सांगतो, ते म्हणजे वणवा थांबवणं. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं हा समज अजून आहे. मामाच्या गावानं दोन वर्षं माघातच जाळपट्टा (आग पुढं सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढला आणि सड्याकडची आग रोखली. कड्याखाली कारवीची झुडपं पुन्हा धरलीत. झऱ्याची धार वाढली का, ते या मे महिन्यात घागर लावून मोजणार आहे.