घरी जोडलेलं किट विमान पूर्ण होत आलंय, पहिल्या उड्डाणाआधी काय तपासावं?

तुमचं विमान रंगापर्यंत आलंय, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस आहे आणि आता ते धावपट्टीवर जोरात पळवून बघावं का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. आधी इंधनाची चाचणी घ्या. घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अमेरिकेच्या एनटीएसबीने (वाहतूक अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) २०१२ साली अभ्यास केला. इंजिन दगा देणं आणि हवेत ताबा सुटणं, हीच त्यात मुख्य कारणं निघाली.

हे इंजिन टेकऑफला ताशी सुमारे २७ लिटर पितं. पुरवठा पंपाने होत असेल तर त्याच्या १२५ टक्के, म्हणजे मिनिटाला ५६० मिलिलिटरच्या आसपास मिळायला हवं. नुसत्या गुरुत्वावर असेल तर १५० टक्के, म्हणजे ६७५. हे विमान सपाट उभं करून मोजायचं नाही. सर्वांत तीव्र चढणीत नाक जेवढं वर असतं, त्याहून ५ अंश जास्त वर करून ठेवा. दोन्ही कार्बोरेटरच्या नळ्या सोडवा आणि मापाच्या डब्यात धार घ्या. नळ्यांची तोंडं कार्बोरेटरच्याच उंचीवर धरा. खाली सोडलीत तर आकडा फुगतो आणि चाचणी खोटी ठरते.

टाकीचं झाकण उड्डाणात असतं तसं घट्ट लावलेलं असू द्या. व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याचं छिद्र, तुंबला असेल तर सुरुवातीला धार छान येते, मग बारीक होत जाते. म्हणून एका मिनिटावर समाधान मानू नका. टाकीत मोजून थोडं इंधन घाला आणि धार तुटेपर्यंत चालू ठेवा. तळाशी उरेल ते त्या कोनात न वापरता येणारं इंधन. प्रत्येक टाकीचं वेगळं लिहून ठेवा. हे सगळं उघड्यावर करा, विमान आणि धातूचा डबा तारेने जोडून अर्थिंग करा, अग्निशामक हाताशी ठेवा. प्लास्टिकची बादली अजिबात नको, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

धार कमी आली तर नळीचे तीव्र वळसे, हवा अडकेल असे उंचवटे आणि फिटिंगवर चढवताना रबराच्या नळीच्या आत सुटलेली साल बघा. नंतर फिल्टर उघडा. ॲल्युमिनियमचा कीस आणि सीलंटचे तुकडे हमखास सापडतात. फिल्टर स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुऊन काढा.

मग वजन. विमान पातळीत ठेवून तिन्ही चाकांखाली वजनकाटे लावा. रंग झाल्यावरच करा, कारण रंगालाही वजन असतं. पहिल्या उड्डाणांत गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, ठरलेल्या मर्यादेच्या पुढच्या अर्ध्यात ठेवा. तो मागे सरकला तर स्टॉलमधून (वेग कमी पडून पंखांची उचल तुटते त्या स्थितीतून) बाहेर येणं अवघड होतं.

एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) उलटे जोडले गेलेत का, हे बघायला कॉकपिटमधली नियंत्रणाची काठी धरून अंगठा वर ठेवा. काठी डावीकडे नेली की अंगठा डावीकडे कलतो आणि त्याच बाजूचा एलरॉन वर उचललेला दिसला पाहिजे. जोड जिथे फिरतो तिथे नायलॉनचा नट चालत नाही. खाचांचा नट आणि कॉटर पिन हवी. प्रत्येक नट टॉर्क रेंचने आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढा.

टॅक्सी, म्हणजे जमिनीवर विमान चालवणं, हळूच करा, ब्रेक आणि दिशा कळण्यापुरती. जोरात पळवताना विमान नकळत उचललं जातं आणि पुढे धावपट्टी उरलेली नसते.

पहिल्या उड्डाणात सहप्रवासी नको. इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टी गाठता येईल असं तिच्या वरच घिरट्या घाला. पुरेशी उंची मिळाल्यावर वेग कमी करत स्टॉलच्या तोंडापर्यंत जा, तिथे वेगमापकाचा काटा काय दाखवतो ते लिहा आणि त्याच्या १.३ पट वेगाने उतरा. पुस्तकातला आकडा तुमच्या वेगमापकाला लागू असेलच असं नाही. उतरल्यावर काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढा: तेलाचे ओघळ, एक्झॉस्टच्या जोडांवरची काजळी आणि नटांवरच्या रंगाच्या तडकलेल्या रेघा शोधा. हे नीट झाल्याशिवाय दुसरं उड्डाण करू नका.