लाय डिटेक्टरच्या खुर्चीत बसण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. भावाने शोधून काढलेल्या त्या मुंबईच्या एजन्सीची जाहिरातही पाहिली: 'शंभर टक्के खात्रीशीर निकाल, व्हिडिओसह.' तिथे जाऊन लाय डिटेक्टर टेस्ट द्यायची, 'मी कधीच डोपिंग केलेलं नाही', म्हणजे वेळ सुधारायला बंदी असलेलं औषध घेतलेलं नाही, यावर मशीनचा शिक्का घ्यायचा आणि तो व्हिडिओ ग्रुपवर टाकून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असा तुमचा बेत दिसतो. माझं उत्तर: नको. नुसतं 'नको' म्हटलं तर तू मान हलवशील आणि भाऊ म्हणेल ते करशील, म्हणून जरा लांबण लावते.

मीनाताई ठाकरे स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून 'सुई घेतल्याशिवाय एवढी वेळ उतरत नाही' असं कोण म्हणालं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यात पडायचं नाही. पेठ-सुरगाण्याकडची पोर हॉस्टेलवर येते, दोन्ही वेळ पोटभर जेवते, वर्षभर एकही सेशन बुडवत नाही, तेव्हा तिची पाच हजार मीटरची वेळ उतरतेच. हे नाशिकमधल्या कोचला समजत नसेल तर कुणाला समजणार? पण असो.

आधी ते यंत्र काय करतं ते बघ. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, दंडाला बीपीचा कफ, बोटांना क्लिपा. श्वास, रक्तदाब आणि नाडी, हाताचा घाम एवढंच ते टिपतं. यातलं खोटं काहीच नाही, पण यात 'खोटं' मोजणारंही काही नाही. घाबरलं की घाम येतो, चिडलं की येतो, अपमान झाला की येतो. कशामुळे आला ते पट्ट्याला कळत नाही, ते समोर बसलेला माणूस ठरवतो.

तो ठरवतो कसं? प्रश्न दोन तऱ्हेचे असतात. एक मुद्द्याचा: 'तू बंदी असलेलं औषध घेतलंस का?' दुसरा तुलनेचा, मुद्दाम अडचणीत टाकणारा: 'आपल्या माणसांशी तू आजवर कधी खोटं बोललीस का?' गृहीतक असं की खरं बोलणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाला जास्त चुळबुळतो आणि लपवणारा पहिल्याला. आता स्वतःकडे बघ. 'सुई' हा शब्द कानावर पडला तरी तुझा चेहरा उतरतो, रात्री झोप लागत नाही असं तूच लिहिलंस. त्या खोलीत अनोळखी माणसाने 'तू स्टेरॉइड घेतलंस का?' असं विचारलं की तुझी नाडी जागेवर राहील? तू निर्दोष आहेस म्हणूनच राहणार नाही. उलट ज्याला काही लपवायचंय त्याला तुलनेच्या प्रश्नाला जीभ चावायची, पायाचा अंगठा दाबायचा, मनात सातचा उलटा पाढा म्हणायचा, या युक्त्या शिकता येतात.

यंत्र अगदीच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये यावर मोठा अहवाल काढला. एका ठरावीक घटनेबद्दल विचारलं, आणि समोरच्याला त्या युक्त्या शिकवलेल्या नसल्या, तर यंत्र नाणं उडवण्यापेक्षा बरंच बरं चालतं, मात्र अचूकतेपासून बरंच लांब राहतं, असं त्यात म्हटलंय. पण 'कधीच काही घेतलं नाही' ही ठरावीक घटना नव्हे. त्याच अहवालात एक हिशेब मांडलाय. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असं धर. त्यातले ८ सापडतील इतकं यंत्र कडक लावलं, तर त्या आठांबरोबर १,५९८ निरपराध माणसंही 'खोटी' ठरतात. सैल लावलं तर निरपराध सुटतात, पण बहुतेक हेरही सुटतात. तू त्या १,५९८ मध्ये गेलीस, तर तो व्हिडिओ कुठे लपवशील?

आणि समजा पास झालीस. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स, नाव तू ऐकलं असशील. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, पाच पदकं, त्यातली तीन सुवर्ण. तिच्याभोवती संशय दाटला तेव्हा जून २००४ मध्ये तिच्या वकिलांनी जाहीर केलं की ती लाय डिटेक्टर टेस्ट पास झाली आहे. घेणारा एफबीआयचा माजी अधिकारी, म्हणजे ऐरागैरा नव्हे. ऑक्टोबर २००७ मध्ये तिनेच कोर्टात कबूल केलं की आपण स्टेरॉइड घेतली होती आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोललो होतो. पदकं परत गेली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हापासून 'मी टेस्ट पास झाले' म्हणणाऱ्या प्रत्येक खेळाडूकडे लोक कसे बघत असतील, याचा अंदाज कर.

खासगी टेस्टची आणखी एक गोम आहे. पैसे आपण भरलेले, माणूस आपण निवडलेला, निकाल वाईट आला तर ड्रॉवरमध्ये टाकून द्यायची मुभा आपल्याला. फजितीची भीतीच नसली तर घाम कशाला येईल? पायऱ्यांवरची माणसं एवढी भोळी नाहीत. पहिला प्रश्न येईल तो असा: पहिल्या फेरीत पास झालीस की तिसऱ्या?

आता खरी गोष्ट. डोपिंगच्या प्रकरणात मुळात 'तू खोटं बोलतेस का' असा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो की तुझ्या शरीरात काय सापडलं. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, संहितेत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे नंतर येतं, बंदी किती वर्षांची ते ठरवताना.

पृथ्वी शॉ आठव. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटलिन हे बंदी असलेलं औषध निघालं. खोकल्याच्या सिरपमध्ये सर्रास असतं ते. त्याने सांगितलं, खोकला होता म्हणून सिरप घेतलं, ताकद वाढवायला नाही. बोर्डाने ते मान्य केलं. बंदी तरीही आठ महिन्यांची. म्हणजे बघ, त्याच्यावर विश्वास ठेवला गेला होता. लाय डिटेक्टरने याहून जास्त काय मिळवून दिलं असतं?

आणि ज्याने खरोखर ती टेस्ट देऊन कागद लवादापुढे ठेवला, त्याचंही सांगते. अल्बर्टो कोन्तादोर, स्पेनचा सायकलपटू. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम, म्हणजे नाममात्र. दूषित मांसातून आलं असं त्याचं म्हणणं आणि लाय डिटेक्टरचा निकालही त्याच्या बाजूचा. क्रीडा लवाद न्यायालयाने तो निकाल फेकून दिला नाही, दाखल करून घेतला. पण खेळाडूचं म्हणणं बाकीच्या पुराव्याशी ताडूनच बघावं लागेल असं धोरण ठेवलं. शेवटी मांसाची शक्यता कमी, दूषित सप्लिमेंटची जास्त, असा निष्कर्ष निघाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन वर्षांची बंदी आणि विजेतेपद गेलं. सप्लिमेंटमधूनच गेलं असेल तर तो माणूस मांसाबद्दल मनापासून खरं बोलत असू शकतो आणि तरी चुकीचा. जे आपल्यालाच माहीत नाही ते यंत्र आपल्यातून काढणार कुठून?

आपल्याकडच्या कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सांगितलंय की ही टेस्ट कुणावर जबरदस्तीने करता येत नाही, आणि स्वखुशीने दिली तरी तिचा निकाल हा पुरावा होत नाही. तेव्हा उद्या कुणी कोच किंवा संघटनेवाला 'खरी असशील तर दे टेस्ट' म्हणाला, तर नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. नाही म्हटलं म्हणजे दोषी, असं होत नाही.

मग करायचं काय? मी डोप कंट्रोलच्या खोलीत, म्हणजे खेळाडूंचे नमुने घेतात तिथे, बरीच वर्षं काढली. तिथे खेळाडूला काय वाचवतं आणि काय बुडवतं ते जवळून बघितलंय. तुझी पहिली वेळ येईल तेव्हा एक बाई तुझ्याबरोबर बाथरूममध्ये येईल आणि समोर उभी राहील. लाजू नको, नियमच तसा आहे. किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. शर्यतीनंतर घाईने दोन-दोन लिटर पाणी ढोसलंस तर नमुना पातळ निघेल आणि पुन्हा बसावं लागेल. किट तू स्वतः निवडायचं, नमुना ज्या दोन बाटल्यांत वाटतात त्या ए आणि बी बाटल्यांवरचा नंबर फॉर्मवरच्या नंबराशी स्वतः जुळवायचा, झाकण स्वतः आवळायचं. घरी जायची गडबड असली तरी यातलं एकही काम दुसऱ्याला करू देऊ नको.

फॉर्मवर एक रकाना असतो: गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट्स. बहुतेक पोरी तिथे 'निरंक' लिहून मोकळ्या होतात, कारण कोच म्हणतो, 'काही लिहू नको, उगाच संशय येईल.' हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. तुझ्या बाजूने बोलणारा, तारीख असलेला, तुझ्या सहीचा कागद तोच. निकाल आल्यावर आठवलेलं सिरप आणि निकालाच्या आधी लिहिलेलं सिरप यांची किंमत सुनावणीत एक नसते. लिहिलं म्हणून बंदी असलेलं औषध चालून जातं असंही नाही, हे मात्र लक्षात ठेव.

म्हणून आजपासून एक वही कर. गोळी, सिरप, इंजेक्शन, पावडर, जे पोटात किंवा अंगात जाईल ते तारखेसह. डबा आणि बिल टाकायचं नाही. बॅच नंबरचा फोटो काढून ठेवायचा. गावी गेलीस, अंग दुखलं, की डॉक्टर विचारत नाहीत, 'डेक्सा' ठोकतात. डेक्सामेथासोन आहे ते, स्पर्धेच्या काळात इंजेक्शनने घ्यायला बंदी आहे. आधीच सांगायचं, 'मी खेळाडू आहे, मला चालणारं द्या.' खोकल्याला मेडिकलवाला देईल ते सिरप नाही म्हणजे नाही. मागे बारीक अक्षरात टर्ब्युटलिन आहे का बघ. नाडाचं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, 'नो युअर मेडिसिन' ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघत जा. दम्याचा वगैरे त्रास निघाला आणि औषधाला पर्यायच नसला, तर उपचारासाठी सवलत मागता येते. तो अर्ज मी भरून देईन.

आणि तो बिनलेबलचा डबा, 'आयुर्वेदिक आहे, स्टॅमिना वाढतो' म्हणून सीनियरने हॉस्टेलवर दिलेला. त्याबद्दल तू मेसेजमध्ये एकच ओळ लिहिलीस आणि लाय डिटेक्टरबद्दल तीन पानं. मला मात्र झोप त्या डब्यामुळे लागणार नाही. अशा पावडरींत स्टेरॉइड मिसळलेलं निघालंय, घेणाऱ्याला पत्ता नसताना. उद्या त्या खुर्चीत बसून 'मी काही घेतलं नाही' म्हणालीस, तर तू अगदी खरं बोलत असशील, यंत्रही तसंच सांगेल, आणि बाटली वेगळंच सांगेल.

एक कडू गोष्टही ऐकून ठेव. 'ही खेळाडू डोपिंग करत नाही' असं सिद्ध करणारी चाचणी आज जगात नाही. लघवीची तपासणीसुद्धा त्या दिवशी त्या बाटलीत काय सापडलं एवढंच सांगते. नमुने दहा वर्षांपर्यंत ठेवून पुन्हा तपासता येतात, म्हणून ज्याला चोरी करायचीय त्याला धाक राहतो आणि तुझ्यासारखीला थोडा आधार. पायऱ्यांवरची बडबड याने थांबणार नाही. तुझी वेळ पुढच्या मोसमात टिकली तरी ते बोलतील, घसरली तरी म्हणतील, 'बघ, सुई बंद केली.' त्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. डोप कंट्रोलवाल्यांनी बोलावलं की मात्र लगेच जायचं. नमुना द्यायला टाळाटाळ केली तर तोही नियमभंगच धरतात.

भावाने ॲडव्हान्स भरला नसेल तर भरू देऊ नको, भरला असेल तर आजच परत माग. तो डबा आजपासून उघडायचा नाही आणि फेकायचाही नाही. शनिवारी सकाळचं सेशन झालं की तसाच पिशवीत घालून क्लिनिकवर ये, कुणी कधी दिला आणि किती दिवस घेतलास ते आठवून लिहून आण. मी दीडपर्यंत असते.

तुझी,
डॉक्टर मावशी