सतरावं पान

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेचं बाड परवा मिळालं, एका बैठकीत वाचून काढलं. मुखपृष्ठावर लाल अक्षरांत लिहिलंयस, ‘फक्त प्रौढांसाठी’. २४ पानांत तीन खून, दोन शय्यादृश्यं. शिव्या मी मोजल्या नाहीत. पण प्रौढ म्हणावं असं पान मला एकच सापडलं, सतरावं. म्हातारा गेलेल्या बायकोचा चष्मा पुसतो आणि डबीत ठेवतो. पाच चौकटी, चकार शब्द नाही. सहाव्या चौकटीत मात्र तुला राहवलं नाही: ‘तो फार एकटा होता.’ ते आधी खोड.

तू विचारलंयस, प्रयोग किती करावा? १९८९ साली अमेरिकेत डीसी कॉमिक्सनं मोठ्या वाचकांसाठी ‘पिरान्हा प्रेस’ ही वेगळी शाखा काढली. सुपरहिरोंवर पोसलेल्या घरानं या शाखेत त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. मार्क नेव्हेलो संपादक होते. मार्क हेम्पेलचा ‘ग्रेगरी’ तिथलाच. हात आवळून बांधणाऱ्या अंगरख्यातलं एक पोर, भोवती कोठडीच्या भिंती. नायकाला हातच हलवता येत नाहीत, म्हणजे चित्रकाराची अर्धी भाषा पहिल्याच पानावर काढून घेतलेली!

पण तू आधी बघ ते तिथलंच, काइल बेकरचं १९९० मधलं ‘व्हाय आय हेट सॅटर्न’. त्यात पात्रांच्या तोंडापाशी संवादांचे फुगे नाहीत. संवाद चित्राच्या खाली छापलेत. वरवर किरकोळ वाटतं, पण करून बघ. फुगा चौकटीतली जागा खातो आणि नजर आधी स्वतःकडे ओढतो. तो काढला की चेहरा मोकळा होतो. आपण चेहरा बघतो, खालचं वाक्य वाचतो आणि पुन्हा वर जातो, ते वाक्य या चेहऱ्यानं कसं म्हटलं असेल ते पाहायला. विनोद त्या दुसऱ्या नजरेत पिकतो. सगळी गोष्टच बोलण्यावर उभी आहे, म्हणून ही मांडणी तिला लागते.

तुझ्या तिरक्या चौकटी कुणाला लागतात? (मीही एकदा अख्खा अंक गोल चौकटींत काढला होता. कारण विचारलं असतं तर तोंड लपवावं लागलं असतं.)

आता पोटापाण्याचं. पिरान्हा फार टिकली नाही. १९९३ मध्ये तिच्या जागी ‘पॅराडॉक्स प्रेस’ आली. त्याच वर्षी डीसीच्याच घरात संपादक कॅरन बर्गर यांनी ‘व्हर्टिगो’ ही मोठ्यांसाठीची शाखा सुरू केली आणि ती पुढे पंचवीसहून अधिक वर्षं चालली. माझ्या मते मोठा फरक हा, की व्हर्टिगोला ‘सँडमन’, ‘हेलब्लेझर’ यांसारख्या चालू मालिकांचा वाचक आयता मिळाला. पिरान्हाला प्रत्येक पुस्तकामागे नवा वाचक शोधायचा होता, तोही सुपरहिरोंसाठी रांग लावणाऱ्यांच्या दुकानांत. तेव्हा नुसतं विचित्र काही घेऊन प्रकाशकाकडे गेलास, तर तो पहिल्यांदा विचारेल, हे घेणार कोण? उत्तर तयार ठेव.

तिन्ही खून काढ. म्हाताऱ्याला पहिल्या पानावर आण आणि आठ पानंच पाठव, रंग न भरता. आणि हो, ती चष्म्याची डबी ब्रशनं काढलीस की निबनं? तिची कड फार सुरेख आलीय.